बालाघाटातल्या वाटा आणि त्यांवरून धावणारे

बीड जिल्ह्यात धावायला ज्या चांगल्या वाटा आहेत, त्या धावणाऱ्यांसाठी कुणी तयार केलेल्या नाहीत. लमाणांचे बैल, पंढरीच्या दिंड्या, फौजांचे तोफगाडे, बाजाराला निघालेली जनावरे, दुष्काळी कामावरचे मजूर आणि शाळेला निघालेली पोरे यांच्या ये-जा करण्याने त्या पडल्या. पुढे डांबरी सडक झाली, एसटी सुरू झाली, मोटारसायकल घरोघरी आली आणि या वाटांवरची वर्दळ ओसरली. काही वाटा नांगराखाली गेल्या, काही बाभळी-बोरीच्या काट्यांत बुजल्या, काही तशाच राहिल्या. उरलेल्यांपैकी कोणती वाट धावण्याजोगी, हे ती मुळात कोणासाठी आणि कोणत्या ओझ्यासाठी पडली यावर ठरते. म्हणून या जिल्ह्यात वाट शोधणाऱ्याला थोडा इतिहास माहीत असलेला बरा.

आधी जमीन पाहावी लागते. जिल्ह्याचे ढोबळ तीन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई आणि माजलगावचा सखल काळा पट्टा. मध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेले बालाघाटाचे पठार; पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई ही गावे त्यावर किंवा त्याच्या कडेला आहेत. नैऋत्येला सीनेच्या खोऱ्याकडे उतरलेला आष्टी तालुका. लोकांच्या बोलण्यात मात्र दोनच भाग असतात: घाटावर आणि घाटाखाली. बीड शहर घाटाखाली, बिंदुसरेच्या काठी. दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट चढला की पठार लागते. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावतात. सिंदफणा उत्तरेकडे वळून थोड्याच अंतरात गोदावरीला मिळते. मांजरा पठारावरून पूर्वेला, थेट कर्नाटक-तेलंगणापर्यंत हिंडून मग त्याच गोदावरीत जाते. या दोन नद्यांच्या मधला पाणलोटाचा कणा म्हणजेच जिल्ह्यातल्या बहुतेक चांगल्या डोंगरवाटांचा पट्टा.

खडक काळा पाषाण, लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. त्यामुळे माथा सपाट, कडा पायऱ्यापायऱ्यांची आणि दोहोंच्या मध्ये झिजलेल्या मुरमाचे उतार. मुरमाची वाट पावसाचे पाणी झटकन पिते. सर येऊन गेली तरी थोड्या वेळात पाय टाकता येतो. गंगथडीची काळी माती याच्या उलट. पावसाळ्यात ती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा अडकावा. साहजिकच जून ते सप्टेंबर पठाराच्या कडेने धावावे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गंगथडीत, ही वाटणी मातीनेच करून ठेवली आहे. पठारावर दुसरी अडचण गवताची. पावसाळा संपला की कुसळी गवत वाळते, त्याची कुसळे मोज्यात घुसतात आणि वाटेवर सराटे पसरतात. माळावरची वाट धावायला घेण्याआधी ती एकदा चालून पाहावी, यामागे एवढे साधे कारण आहे.

या जमिनीवर पहिल्या लांब पल्ल्याच्या वाटा ओझ्याच्या जनावरांनी पाडल्या. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये धान्य, मीठ, कापूस यांची वाहतूक बैलांच्या पाठीवरून होई, आणि ती प्रामुख्याने लमाण म्हणजे बंजारा समाजाच्या हाती होती. शेकडो, कधी हजारो बैलांचे तांडे पाठीवर गोण्या लादून मुलूखच्या मुलूख ओलांडत. फौजांना रसद पुरवणारेही तेच. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. लादलेल्या बैलाला तीव्र चढ चालत नाही. त्याला दर मुक्कामाला पाणी लागते, चरायला माळ लागतो आणि पायाखाली घट्ट पण बोथट जमीन लागते. त्यामुळे लमाणांच्या वाटा घाटाला सरळ भिडत नाहीत. डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत, एकसारख्या चढाने वर जातात. लांब अंतर एका लयीत धावणाऱ्या माणसाला नेमके हेच हवे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडला जोडली गेली तेव्हा तिचा मार्ग जालना, परभणी, नांदेड असा बीडच्या उत्तरेने गेला. तांड्यांचा व्यापार बुडाला आणि बैल सोडून लोक जागोजागी स्थिरावले. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या तालुक्यांत आज जे तांडे आहेत, ते पुष्कळदा डोंगराच्या पायथ्याला किंवा माळाच्या कडेला आहेत. एका तांड्यावरून दुसऱ्या तांड्यावर जाणारी वाट ही आजही बालाघाटातली सर्वांत भरवशाची पाऊलवाट ठरते, कारण ती अजून वापरात असते.

फौजांच्या वाटांचा स्वभाव निराळा. फौजेला घाई असते, आणि घाटाच्या तोंडावर ताबा हवा असतो. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला तो याच हिशेबाने. पठाराच्या ऐन काठावर तो उभा आहे आणि खाली माजलगावकडे उतरणारा घाट त्याच्या नजरेत राहतो. पुढे तो निजामशाहीकडे आणि १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. गोदावरीच्या बाजूला हेच महत्त्व नदीच्या उतारांना होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला. त्या विजयात नदीचा वाटा मोठा होता: निजामअली काही फौज घेऊन पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिलेला आणि मध्ये भर पावसाळ्यातली गोदावरी. विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. बत्तीस वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, निजामअलीच फौज घेऊन बेदरहून आला, बालाघाटाचे पठार ओलांडून मोहरी घाटाने खाली उतरला आणि खर्ड्याला हरला. मोहरी आणि खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात येतात, पण डोंगर तोच. असे घाट चढायला सरळ आणि उभे असतात. दगड उघडे पडलेले, पाऊल टाकायला खडबडीत. डोंगरचढाचा सराव करणाऱ्याला ते उत्तम, गुडघे दुखणाऱ्याला वाईट. उतरताना तर चालतच उतरावेत.

धावणे हाच ज्यांचा पोटाचा धंदा होता, अशी माणसेही या वाटांवर होती. पेशवाईत पत्रे जासूद नेत. बहुधा दोघे मिळून जात, एकाला काही झाले तर दुसऱ्याने थैली पोचवावी म्हणून. पुढे टपालाची व्यवस्था आली तेव्हा ठरावीक टप्प्यांवर माणसे ठेवून थैली हातोहात पुढे नेण्याची पद्धत देशभर रूढ झाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचे टपाल खाते स्वतंत्र होते, त्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत, आणि हे खाते भारतीय टपालात विलीन झाले ते १९५० मध्ये. हातात घुंगरांची काठी घेऊन पळणारा टपालवाला आता गोष्टींत उरला आहे. पण सगळ्यांत जवळची, पावसात न अडणारी आणि एकट्याने पार करता येईल अशी वाट निवडण्यात त्याच्याइतका जाणकार दुसरा नसावा.

दिंड्यांच्या वाटा मात्र गोष्टींत गेल्या नाहीत. आषाढी वारीचे तीन मोठे प्रवाह बीड जिल्ह्यातून जातात. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी गोदावरी मागे टाकून रायमोह, पाटोदा अशी बालाघाट ओलांडते. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून पुढे जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी आणि अंबाजोगाईवरून पंढरपूर गाठते. याशिवाय नारायणगडाची दिंडी आहे, आणि कार्तिक पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून पायी येणारे लिंगायत भाविक आहेत. दिंडीत म्हातारी माणसे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात, त्यामुळे तिची वाट बेताच्या चढाची असते. ठरावीक अंतरावर विहीर, मंदिर, सावलीचे झाड आणि विसाव्याची जागा असते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या मुलखात याला फार किंमत आहे. दुर्दैवाने वारीचे मोठे मार्गच आधी रुंद झाले. पैठण-पंढरपूर पालखी मार्ग आता महामार्ग आहे. वारकऱ्यांची सोय झाली की नाही हा वेगळा वाद, पण पायाखालची माती गेली आणि जुनी झाडेही गेली. धावणाऱ्याने म्हणून मुख्य मार्गाऐवजी त्याला येऊन मिळणाऱ्या लहान दिंड्यांच्या वाटा शोधाव्यात. एखाद्या गडावरून, एखाद्या समाधीवरून निघणाऱ्या या वाटा वर्षातून एकदा शेकडो पावलांखाली तुडवल्या जातात आणि उरलेले अकरा महिने मोकळ्या असतात.

कपिलधारचा परिसर या दृष्टीने जिल्ह्यात सगळ्यांत समृद्ध म्हणावा लागेल. पठाराच्या काठावर दरी, पावसाळ्यात धबधबा आणि देवस्थान असल्याने बारमाही ये-जा, असे तिन्ही योग तिथे जुळतात. बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की वाटेत खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर तिच्या भुयारी पाटासाठी ओळखली जाते. जमिनीखालून वाहणारे पाणी शहराकडच्या शेतीला पुरवण्याची ती योजना होती. त्याच दिशेला पालीजवळ बिंदुसरेचा तलाव आहे. शहरातल्या माणसाला एका सकाळी गाठता येईल अशा अंतरात विहीर, तलाव, घाट आणि पठार असा क्रम क्वचित मिळतो. अडचण एकच, की हा सगळा पट्टा धुळे-सोलापूर महामार्गाला खेटून आहे आणि तो ओलांडणे धोक्याचे आहे.

पाटोदा तालुक्यात आणखी दोन जागा नाव घेण्यासारख्या आहेत. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि दरीत रामेश्वराचे देऊळ आहे; तिथली वाट धावण्याची नव्हे, चढण्या-उतरण्याची. नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर. मोरांसाठी राखलेल्या या झुडपी रानात मुरमाच्या वाटा उत्तम आहेत, पण ते अभयारण्य आहे, मैदान नव्हे. वन खात्याच्या परवानगीशिवाय आणि विणीच्या काळात तिथे धावायला जाणे योग्य नाही. पूर्वेकडे अंबाजोगाईच्या भोवती मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखान्याची लेणी यांच्या आसपास दरीच्या काठाने जुन्या वाटा आहेत. धारूर ते अंबाजोगाई या टापूत डोंगरउतारांवर सीताफळीची दाट झुडपे लागतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हंगामात या वाटांवर पहाटेपासून सीताफळे तोडणाऱ्यांची वर्दळ असते. धावणाऱ्याने तेव्हा बाजूला व्हावे, कारण वाट त्यांची आहे.

वाटांचा पुढचा थर सरकारी आहे. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांनी १८६५ मध्ये जिलाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि त्यानंतरच्या दशकांत मराठवाड्यातल्या जमिनीची पद्धतशीर मोजणी झाली. मोजणीबरोबर गावाचे नकाशे आले आणि नकाशांबरोबर वाटा पहिल्यांदा कागदावर उतरल्या. गाव नकाशात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता, आणि शेतांच्या बांधांमधून जाते ती पांदण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांतही गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पाऊलवाट यांची चिन्हे वेगवेगळी आहेत. आज उपग्रहाच्या चित्रावर वाट शोधणारे पुष्कळ आहेत. पण त्या चित्रावर झाडाखालची पाऊलवाट दिसत नाही आणि ओढ्याची कोरडी घळ मात्र वाटेसारखी दिसते. जुना स्थलदर्शक नकाशा आणि उपग्रहाचे चित्र शेजारी ठेवून पाहिले तर निम्मे काम घरीच होते.

त्यानंतर आला १९७२ चा दुष्काळ. बीड जिल्ह्याच्या आठवणीत या वर्षाइतके खोल रुतलेले दुसरे वर्ष नसेल. हाताला काम म्हणून सरकारने माणसे खडी फोडायला बसवली, नाल्यांवर बांध घातले, पाझर तलाव खणले आणि गावोगाव मातीचे रस्ते काढले. मजुरांना खायला सुकडी मिळे. या कामांतूनच पुढे राज्याची रोजगार हमी योजना कायद्याने उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. दुष्काळात काढलेला रस्ता ओळखू येतो: तो सरळ असतो, बराच रुंद असतो आणि कधीकधी कुठेच जात नाही, कारण काम देणे हा हेतू होता, पोचणे नव्हे. अशा अर्धवट राहिलेल्या रस्त्यांना आज कोणी विचारत नाही. पाझर तलावापर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता आणि तलावाची भिंत मिळून सुरेख फेरी होते. ज्यांनी त्या उन्हात दगड फोडले त्यांना ती कधी मौजेची वाटली नसती, हेही ध्यानात असावे.

त्याच सुमारास गंगथडीत कालवे आले. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून पुढे येतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाशी जोडलेला आहे. कालव्याच्या भरावावरचा देखरेखीचा रस्ता सपाट असतो, कारण पाण्याला चढ चालत नाही. काळ्या मातीच्या मुलखात बारमाही धावता येईल अशी ही जवळजवळ एकमेव जागा. जमिनीपासून उंचावर असल्याने वारा लागतो आणि दूरचे दिसते. एकच पथ्य: पाणी सोडलेले असताना काठाशी जाऊ नये, अस्तरीकरण केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही.

दुष्काळानंतर वाढलेली दुसरी गोष्ट म्हणजे ऊसतोडीचे स्थलांतर. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघत. मुकादमाची उचल घेतलेली, गाडीत संसार, मागे जनावरे. बैलगाड्यांच्या या रांगांनी गाडीवाटा जिवंत ठेवल्या. ट्रक आणि ट्रॅक्टर आले तशी ती रहदारी डांबरावर गेली. नेकनूरसारख्या जनावरांच्या बाजाराला पायी हाकत नेलेल्या बैलांच्या वाटांचेही तेच झाले. खिल्लारी बैल आता टेम्पोतून बाजाराला जातो.

शाळेची वाट मात्र बराच काळ पायाचीच राहिली, आणि जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा धावपटू त्या वाटेनेच आला. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. घर शेतकऱ्याचे. गावाला वाहनाची सोय नसल्याने सहाव्या वर्षापासून शाळेसाठी सहा किलोमीटर चालत किंवा पळत जावे लागे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथे नेमणुका झाल्या. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत ते उतरले, म्हणजे स्पर्धेतली पहिली धावही मातीवरचीच. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर हा विक्रम त्यांनी स्वतःच पुन:पुन्हा खाली आणला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले; सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. त्याआधीच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

हा खेळ आणि ही वाट यांचा मेळ निव्वळ योगायोगाचा नाही. स्टीपलचेस मुळात इंग्लंड-आयर्लंडच्या रानातली शर्यत. एका गावाच्या चर्चचा कळस धरून दुसऱ्या गावाच्या कळसाकडे सुटायचे. मध्ये येतील ती कुंपणे, चर आणि ओढे ओलांडायचे. आधी घोडेस्वार हे करत, मग एकोणिसाव्या शतकात विद्यार्थी पायांनी करू लागले. ऑक्सफर्डला १८६० मध्ये अशी शर्यत झाल्याची नोंद आहे. पुढे तिला मैदानात आणले, तेव्हा कुंपणाचे लाकडी अडथळे झाले आणि ओढ्याचा पाण्याचा खड्डा झाला. आज पुरुषांच्या तीन हजार मीटरमध्ये सुमारे एक मीटर उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याची उडी ७ वेळा घ्यावी लागते. बांध, चर, ओढा, काट्याचे कुंपण यांच्यातून शाळेला पळणाऱ्या पोराला या खेळाची तोंडओळख कोणी वेगळी करून देण्याची गरज नसावी. अर्थात, मांडव्याच्या वाटेसारख्या वाटांनी हजारो पोरे शाळेला गेली आणि साबळे एकच झाले. वाट घोटा बळकट करते, विक्रम मात्र सैन्यातली शिस्त आणि प्रशिक्षण यांतून होतात. शाळेची अशी पायपीट ही गैरसोयच होती, तिचे कौतुक करण्याचे कारण नाही.

साबळे यांच्यामागून जिल्ह्यात धावणारे वाढले असतील, पण बहुसंख्य तरुण धावतात ते पदकासाठी नव्हे, नोकरीसाठी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावावे लागते, सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव आहे. ज्या गावात मैदान नाही तिथली मुले पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. अंतर मोजायला किलोमीटरचा दगड मिळतो, खड्डा-काटा लागत नाही आणि घड्याळावर वेळ चांगली दिसते, हे आकर्षण. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ असा सराव करणारे तीन तरुण बसच्या धडकेत मरण पावले. त्या गावाच्याच काय, जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या शिवारात सोळाशे मीटरची मोकळी गाडीवाट निघू शकते. ती साफ करून, दोन टोकांना चुन्याची खूण करणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे. मातीवर वेळ थोडी जास्त लागते. सराव मातीवर आणि आठवड्यातून एकदा वेळ मैदानावर, असा मेळ घालणारी मुले भरतीत मागे पडत नाहीत.

वाटांचा सगळ्यांत नवा थर पवनचक्क्यांनी घातला. बालाघाटाच्या माथ्यावर वारा चांगला म्हणून गेल्या काही वर्षांत तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची लांबलचक पाती वर नेण्यासाठी कड्यावर मुरमाचे रुंद, बेताच्या वळणांचे रस्ते काढावे लागले. लमाणांच्या बैलाला आणि पात्याच्या ट्रेलरला एकाच गोष्टीची गरज, सौम्य चढ आणि मोठे वळण. त्यामुळे काही ठिकाणी नवा रस्ता जुन्या वाटेच्या जवळूनच वर गेलेला दिसतो. धावायला हे रस्ते झकास आहेत. मात्र ते खासगी किंवा भाड्याच्या जमिनीवर असू शकतात आणि रखवालदार हटकू शकतो.

रेल्वेनेही चित्र बदलते आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग दशके रेंगाळला. आष्टीपर्यंत गाडी आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. रेल्वेच्या भरावाने शिवारातल्या कित्येक वाटा तुटतात. पुलाखालच्या मोऱ्यांतून नव्या वाटा पडायला काही वर्षे लागतील.

वाटेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न इथे कायद्याचा कमी आणि रीतीचा जास्त आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले आणि त्या नकाशावरच्या वाटेने कोणालाही, अगदी हौसेखातरही, जाता येते. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेतकऱ्याला बांधावरून रस्ता देऊ शकतो, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेली वाट मोकळी करून देता येते. हे दोन्ही उपाय शेतीसाठी आहेत. हौशी धावणाऱ्याचा हक्क त्यात कुठे बसत नाही. त्याला शेतमालकाच्या सौजन्यावर जावे लागते, आणि बीडकडे ते सहसा मिळते. रामराम घालून, ‘मामा, ही वाट कुठं निघते?’ असे विचारणाऱ्याला बहुधा वाटच नव्हे, तर कोणत्या वस्तीवर कुत्री सोडलेली असतात आणि कोणत्या विहिरीचे पाणी गोड आहे हेही कळते. मेंढपाळ आणि गुराखी यांना शिवारातल्या वाटा नकाशापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. पेरणीनंतर बांधावरून पळू नये आणि ज्वारी कणसात असताना एकट्याने दाट पिकातून जाऊ नये, हे तेच सांगतात. दुसऱ्या सूचनेला कारण आहे: नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले. अंधारात, एकट्याने, आवाज न करता पळणे या मुलखात शहाणपणाचे नाही.

वाटा टिकतात त्या वापराने, आणि मोडतात त्या अतिक्रमणाने. राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री’ या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना सुरू केली. तिच्यातून पांदणी मोकळ्या होतात, पण खडी-मुरूम पडून त्या ट्रॅक्टरच्या रस्त्यासारख्या होतात. शेतकऱ्याला तेच हवे, आणि त्याचे बरोबर आहे. धावणाऱ्याला उरतो तो तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग, ज्याला ट्रॅक्टर लागत नाही आणि म्हणून ज्याची मागणीही कोणी करत नाही. असे पायमार्ग आधी नकाशावर पुसट होतात आणि मग शिवारातून जातात. आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतो. त्यावरच्या तुटक एकेरी रेषा शोधाव्यात, त्यांतली एक निवडून चालून पाहावी, आणि ती अजून मोकळी असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिच्यावरून धावावे.